मुंग्यांचे बिऱ्हाड

कावेरीपट्टणात राजा शीलवर्मा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका सागरी व्यापाऱ्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव नंदिसेन. एका सफरीहून परतताना त्यांनी दक्षिणेकडच्या बेटावरून एक अजब झाड आणले. भोपळ्याएवढे फुगलेले खोड, वर चार पाने, आणि मुळे मातीत नव्हे, तर दुसऱ्या झाडाच्या फांदीला घट्ट बिलगलेली. राणी भद्रावतीला ते इतके आवडले की राजाने ते तिच्या सज्जात टांगले.

दुसऱ्याच दिवशी खोडाच्या भोकांतून मुंग्या निघाल्या आणि राणीच्या हाताला कडकडून चावल्या. राजा संतापला. त्याने नंदिसेनांना बोलावून सांगितले, की भोकांत उकळते पाणी ओतून झाड स्वच्छ करून द्या. मग मोत्यांचा सारा व्यापार तुमचाच.

नंदिसेनांच्या डोळ्यांपुढे मोत्यांनी भरलेली गलबते तरळून गेली. पण त्या खोडात मुंग्यांची अंडी होती, पिले होती. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, हे माझ्याने होणार नाही. या झाडाला माती नाही. मुंग्या आपले खाणे झाल्यावर जे उरलेसुरले आत टाकतात, त्यावरच ते जगते. त्या मेल्या तर तेही उपाशी मरेल. नको असेल तर मी ते परत बेटावर नेऊन ठेवतो."

राजाने मोत्यांचा व्यापार तिथल्या तिथे दुसऱ्याला देऊन टाकला. राणीला मात्र खरेखोटे पाहायचे होते. ती जरा लांबच बसून पाहू लागली. मुंग्यांनी एक मेलेला पतंग ओढत आणला, तुकडे करून आत नेला. एक अळी पान कुरतडू लागली, तेव्हा सगळ्या धावून गेल्या आणि तिला खाली लोटले. राणीला हसू आवरेना. "घर राखायलाच चावल्या बिचाऱ्या," ती राजाला म्हणाली.

झाड मुंग्यांसकट बागेतल्या आंब्यावर गेले. त्याला फळे धरली, मुंग्यांनी बिया सालीच्या फटींत नेऊन ठेवल्या, आणि आंब्यावर इवले इवले नवे गड्डे फुगले. नंदिसेन वेलची-नारळच विकत राहिले; पण गलबत धक्क्याला लागले की आधी त्या आंब्याखाली जात. एकदा तिथे राजाच मान वर करून उभा होता. "श्रेष्ठी," तो म्हणाला, "माझ्या बागेला असे माळी कधी मिळाले नव्हते."

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे विहाराच्या अंगणातले वारूळ खणायला निघालेला हा उत्तिय. राणी म्हणजे त्याला आवरणारी उपासिका सोमा. आणि नंदिसेन मीच होतो."

उत्तियाने हातातली कुदळ हळूच भिंतीला टेकवली. लाभ समोर असताना न ढळलेल्या, जीवमात्रांविषयीच्या मैत्रीची ही कथा.