ढेबेखारची हाक

खाडीच्या कडेला, मातीच्या लांबलचक बांधाच्या आडोशाला ढेबेखार हे गाव आहे. गावात शिरताना लागतो तो ढेबे थांबा, पुढे ढेबे विहीर, तिच्या काठावरचा आंबाही ढेबे. आगरी ढेबे, कोळी ढेबे, कुंभार ढेबे आणि मशिदीजवळच्या आळीत मुसलमान ढेबे. गेल्या साली गावात ट्रॅक्टर आला, त्यालाही हळदकुंकू लावून हेच आडनाव दिले. चावडीपुढे लोळणारा कुत्रा मोत्या ढेबे. नव्या गुरुजींना पहिल्या दिवशी हजेरी घेताना वाटते, पोरे आपली टर उडवताहेत. सोयरीक जुळवताना तेवढे जुने आडनाव हळूच कानात सांगतात, नाहीतर गावातल्या गावात लग्नच व्हायचे नाही. पाहुणे हे पाहून पोट धरून हसतात. गावही त्यांना हसू देते. मग कुणी जाणता माणूस त्यांना बांधावर घेऊन जातो आणि तिथे ही हकीकत सांगतो.

फार पूर्वी या गावाला नुसते मोठे खार म्हणत. खाडीचे पाणी बांधाने अडवायचे आणि मागच्या जमिनीत, म्हणजे खारात, भात पिकवायचा, हीच इथली शेती. बांधाला भगदाड पडले, ज्याला इथे खांड म्हणतात, की खारे पाणी आत शिरते आणि मग पुढची कित्येक वर्षे गवतही धड उगवत नाही. म्हणून बांध आडनावांत वाटून दिला होता. गावंडांचा बांध, थळ्यांचा बांध, कडूंचा बांध. ज्याचा त्याने राखायचा. दुसऱ्याच्या बांधाला हात लावणे म्हणजे न विचारता त्याच्या चुलीपर्यंत जाणे. खांड पडली तर आपल्या आडनावाची हाक द्यायची, त्या आडनावाचे असतील तेवढ्यांनी धावायचे आणि बाकीच्यांनी आपली जागा सोडायची नाही. नियम काही वाईट नव्हता, म्हणे. त्याने पुष्कळ भांडणे मिटवली होती.

अशा या गावात घाटावरून एक धनगर उतरला. बिरू ढेबे त्याचे नाव. बरोबर बायको जनाई आणि चार म्हशी. गावाने त्याला जमीन दिली ती बांधाच्या अगदी टोकाची, जिथे खाडी वळते आणि पाणी सर्वांत जोराने आदळते. त्या तुकड्याचा बांध साहजिकच ढेब्यांचा झाला. शेजारचा तुकडा हिरू गावंडाचा. चिखल कसा मळायचा, बांध कसा चोपायचा, हे हिरूनेच बिरूला शिकवले. हाकेचा नियमही त्यानेच सांगितला.

"पन आमचं हितं दुसरं कोन न्हाई की," बिरू म्हणाला.

"मंग जोरान मार," हिरू हसून म्हणाला. "घाटावर आयकू जाल."

दोघेही हसले. पुढे आयुष्यभर हिरूला ते हसणे आठवत राहिले.

पिठोरी अमावास्येचे उधाण होते. भर दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला लागले आणि वाऱ्याने लाटा उसळू लागल्या. सगळा गाव आपापल्या तुकड्यावर उभा होता. हिरूचा बांध मजबूत होता. सकाळीच त्याने तो चोपून काढला होता. तेवढ्यात टोकाकडून हाक आली. "ढेबे! धावा, ढेबे!"

हिरूने मान वळवली. बिरूच्या बांधाला खांड पडली होती. हिरूच्या हातात चिखलाने भरलेली टोपली होती. पावले उचलली असती तर तो तिथे पोचला असता. पण गावंडाने ढेब्याच्या बांधावर जायचे कसे? आणि मागे आपला बांध फुटला तर गाव काय म्हणेल? हाक पुन्हा आली. हिरूने टोपली आपल्याच बांधावर रिकामी केली, जिथे चिखलाची काही गरज नव्हती, आणि खाली मान घालून तो चिखल चोपत बसला. हाक येत होती तोवर चोपत राहिला.

सांगतात, की कुणी येत नाही असे पाहून बिरू स्वतः त्या खांडीत उतरला. पाण्याकडे पाठ करून दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "टाक चिखल." जनाई टाकत गेली. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तो "टाक" म्हणत होता तोवर ती टाकत होती. मग त्याचे बोलणे थांबले. बांध मात्र राहिला. ओहोटी लागली आणि गावाचे भात वाचले.

पाणी उतरल्यावर सगळे जमा झाले. जनाईचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. तिने एकेकाच्या पुढे जाऊन विचारले, "त्येनं हाक मारली व्हती. तुमाला ऐकू आली न्हाई?"

वारा होता, थळे म्हणाले. वारा होता, कडू म्हणाले. ती हिरूपुढे आली. "दादा, तुमी तर जवळच व्हता."

"वारा व्हता गो," हिरू म्हणाला. "काय आयकू नाय आला."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

त्या साली पीक असे आले, की म्हाताऱ्यांनीही तसे पाहिले नव्हते. पण नव्या तांदळाचा पहिला घास घेताच हिरू थांबला. भात खारट होता. बायकोला विचारले, तर ती म्हणाली, मीठ घातलेच नाही. शेतात तर खाऱ्या पाण्याचा थेंबही शिरला नव्हता. हा खारटपणा आपल्याच घरात आला आहे आणि कशाने आला आहे, हे त्याला कळले. त्याने बायकोला गप्प बसवले.

नवान्नाच्या गावजेवणाचा दिवस आला. गावदेवीपुढे पंगत बसली. जनाईलाही बोलावले होते; ती एका बाजूला बसली. हिरू कसाबसा घास गिळत होता आणि पाणी पीत होता. सहज त्याने शेजारी पाहिले. थळेही पाणी पीत होता. पलीकडे कडूचा तांब्या केव्हाच रिकामा झाला होता. सगळी पंगत माना खाली घालून जेवत होती, घासागणिक पाणी पीत होती आणि एकाच्याही तोंडून ब्र निघत नव्हता.

हिरू पानावरून उठला.

"भात खारट हाय," तो म्हणाला. "मीनी हाक आयकली व्हती."

मग थळे उठला. मग कडू. मग एकेक करून सगळी पंगत उभी राहिली. वाऱ्याचे नाव कुणीच घेतले नाही.

हिरूने जनाईच्या पायांवर डोके ठेवले. गाव म्हणाले, जमीन माग, गुरे माग, काय हवे ते माग. ती म्हणाली, "मला काय नगं. त्येची हाक अजून बांधावर हाय. तिला ओ द्या."

ढेब्यांच्या हाकेला ओ फक्त ढेब्यांनी द्यायची, हा गावाचाच नियम. हिरू तसाच उष्ट्या हाताने बांधावर गेला. "मी हिरू ढेबे," तो ओरडला. "आलो!" त्याच्यामागून सगळा गाव आला आणि गावंड, थळे, कडू ही आडनावे तिथेच टाकून परत गेला. बांध सगळा एका आडनावाचा झाला. पुढे हिरू विहिरीला, झाडांना, होड्यांना, गुरांनाही ते आडनाव देत सुटला. जे ढेबे नाही, त्याला उद्या कुणीतरी परके म्हणेल, याचे त्याला भय वाटे.

पुढच्या साली भात गोड झाला. हिरूला मात्र मरेपर्यंत तो खारटच लागला, असे सांगतात. आणि जनाई? ती म्हशी घेऊन घाटावर निघून गेली. हिरू पायथ्यापर्यंत तिच्या मागे चालत गेला. तिने मागे वळून पाहिले नाही. त्यामुळे इतक्या ढेब्यांच्या या गावात खऱ्या ढेब्यांच्या वंशातले कुणीच नाही.

आजही पिठोरीच्या दुपारी सगळे ढेबे बांधाच्या टोकाला जमतात. गावातली एखादी सून "ढेबे, धावा" अशी हाक देते आणि लहानथोर सगळे ओरडतात, "आलो!" त्यानंतर कुणी लगेच घरी जात नाही. बिरूने ओ ऐकली असेल, तर बांधातून काही उत्तर येईल, म्हणून सगळे कान देऊन उभे राहतात. भरती उतरू लागते, चिखल उघडा पडतो, पोरे कंटाळतात. उत्तर अजून एकदाही आलेले नाही.