धनेशाच्या ढोलीची भिंत

फार जुन्या काळी रानात एक धनेश पक्षी होता. साप कुठे, शिकरा कुठे, हे हेरून साऱ्या रानाला सावध करणं हे त्याचं काम. अंडं उबवून बायको ढोलीबाहेर येताच धनेशांच्या रीतीप्रमाणे त्याने आपलं एकुलतं एक पिल्लू आत ठेवून ढोलीचं तोंड पुन्हा चिखलाने लिंपलं होतं. मधल्या फटीतून चोच घालून तो फळ देई, नवे धोके सांगे आणि लगेच कामावर उडून जाई.

पिल्लाला पंख फुटले, तरी तो भिंत जाडच करत राहिला. शेवटी बायको कडाडली, "अहो, फोडा आता ती!"

धनेशाने भिंत फोडली. पिल्लू किंचाळलं आणि त्याने जोरात चोच मारली.

"अरे, मी तुझा बाबा!" धनेश हादरून म्हणाला.

"खोटं!" पिल्लू ओरडलं. "माझे बाबा फटीत मावतात."