कासवाची पाठ

फार पूर्वी एका तळ्याच्या तळाशी तप्त दगड होता. त्याच्या उबेवर सगळं तळं हिवाळा काढायचं. त्याच्याविषयी शंका घ्यायची नाही, हा तिथला नियम. दर पौर्णिमेला कासवआजोबा त्याला पाठ टेकवून सांगायचे, "काही धोका नाही!"

एका वर्षी दगडालगतचं शेवाळ करपलं. तरीही वडीलधाऱ्यांनी तरण्या बेडकीला तिथंच अंडी घालायला सांगितलं.

ती म्हणाली, "आजोबा, यंदा पाठ नको, गाल टेकवा."

"काल-परवा शेपटी गळलेली पोरगी आम्हाला शिकवणार?" म्हातारा बेडूक खेकसला.

कासवानं गाल दगडाजवळ नेला आणि झटकन मान आत ओढली.

"मी इथं अंडी घालणार नाही," बेडकी म्हणाली. "त्यांना कवच नसतं."