ऊलीची सावली

एका राज्यात प्रसेन नावाचा राजा होता. त्याची राणी समुद्राकाठच्या दूर देशातली. मुलगी झाली तेव्हा राणीने पाळण्यावर वाकून तिच्या कानात नाव सांगितले : ऊली.

त्या दरबारात पोथीतून नावे काढण्याचा मान धूम्रकेश मांत्रिकाचा. त्याला कुणी विचारले नाही. तो उठून म्हणाला, "या नावाला अर्थ नाही. ज्याच्या नावाला अर्थ नाही, त्याला सावलीही नाही. अर्थ सापडेल तेव्हा सावली मिळेल." त्या क्षणी भिंतीवर पाळण्याची सावली राहिली, बाळाची गेली.

राणी पुढे फार दिवस जगली नाही. ऊली वाढली, हसरी निघाली. पण सावली नसलेले माणूस हळूहळू विरत जाते. ती उपवर झाली तेव्हा तिच्या तळहातातून पलीकडचे दिवे दिसू लागले. राजाने राज्य प्रधानावर सोपवले आणि मुलीला घेऊन निघाला. वाट दाखवायला एक भारद्वाज पक्षी भेटला. भारद्वाजाला उडण्याचा कंटाळा. तो घोड्याच्या मानेवरच बसला.

"हे नाव मी तीन देशांत ऐकले आहे," तो म्हणाला. "अर्थ मात्र मला विचारू नका. मी पक्षी आहे, पंडित नाही."

पहिला देश डोंगरातला. वेशीवर ऊलीने आपले नाव सांगताच एक मेंढपाळीण हसू लागली.

"अगं बाई, ऊली म्हणजे बिनशिंगांची शेळी. कुणी ठेवले हे नाव?"

ती एवढे बोलली आणि ऊलीच्या पायाशी सावली पडली. शेळीची. ऊली चालली की शेळी चाले; ऊली थांबली की शेळी गवताकडे मान वळवी.

"बाबा, अर्थ मिळाला," ऊली कशीबशी म्हणाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"हा नव्हे, बाळ."

"बाळ, बाळ," भारद्वाज म्हणाला. "एवढ्या वाटेत तिला एकदाही नावाने हाक मारली नाहीत, महाराज."

"आमच्याकडे रीत आहे. गेलेल्या माणसाचे नाव आणि त्याने ठेवलेले नाव घरच्यांनी तोंडात आणायचे नाही."

"हं. रीत मोठी, पोरगी लहान."

राजाने घोड्याला टाच मारली. वेस ओलांडली तेव्हा शेळीची सावली मागेच चरत राहिली.

दुसरा देश मिठागरांचा. तिथे ऊली म्हणजे रांजणाचे झाकण. ऊलीच्या पायाशी गोल सावली पडली आणि ती चालू लागताच घरंगळत पुढे गेली.

"मुलीचे नाव झाकण," मिठागराचा मुकादम हळहळला. "आम्ही निदान रांजण तरी ठेवले असते."

ऊली पुन्हा हसली. पण आता तिचे हात कोपरापर्यंत दिसत नव्हते, आणि राजाला हसू आले नाही. त्या देशाची सीमा आली तशी तीही सावली गळून पडली.

तिसरा देश समुद्राकाठचा, राणीचे माहेर. राणीचा भाऊ बेरो किनाऱ्यावर होडीला तेल चोळत बसला होता.

"मामा, ऊली म्हणजे काय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काहीच नाही, भाचीबाई. आमच्याकडे नाव असे पारखतात : एकाने त्या खडकावर उभे राहून हाका मारायच्या, दुसऱ्याने होडी लाटांपलीकडे न्यायची. जी हाक लाटांवरून ऐकू येते, ते नाव. लग्न होऊन जाण्याआधीच तुझ्या आईने हे पारखून नेले. होडीत मी होतो."

अर्थ नव्हताच. राजा खडकावर बसून राहिला. ऊली म्हणाली, "मामा, ते नाव जिथे ऐकू आले, ती जागा दाखवा." तिला बसवून बेरोने होडी लोटली.

ती लाटांपलीकडे गेली आणि धुके उतरले. धुक्यातून बेरोचा आवाज आला, "महाराज, पोरगी दिसेनाशी झाली. माझ्या हाकेला ओ देत नाही. खडकावर तुम्ही आहात, तुम्ही बोलवा."

"बाळ," राजाने हाक मारली. लाटेने ती गिळली.

"राजकन्ये." तीही गिळली.

मग राजा उठून उभा राहिला. इतकी वर्षे घशात धरून ठेवलेले नाव त्याने सोडले.

"ऊली."

लाट मध्ये आली. नाव तिच्यावरून गेले.

"ओ," पलीकडून आवाज आला.

धुके फाटले, ऊन पडले. होडी परत येत होती, आणि होडीच्याही आधी पाण्यावरून सावली येत होती. दोन वेण्यांची, हात हलवणारी, ऊलीची.

"शेळी बरी होती," भारद्वाज म्हणाला, आणि आनंदाच्या भरात चक्क उडाला.

परतल्यावर धूम्रकेशाने विचारले, "अर्थ सापडला?"

"एक शेळी, एक झाकण आणि एक ओ," ऊली म्हणाली. "कोणता देऊ?"

मांत्रिकाने तिच्या पायाशी पाहिले. तिथे सावली होती. मग खाली बसून म्हणाला, "मी एकदा हाक मारून पाहू का?"

"मारा की, काका."

त्याने मारली. तिने ओ दिली. त्या दिवसापासून तोही नावे पोथीत न शोधता नदीकाठी जाऊन पारखू लागला.

राजाने जुनी रीत मोडली. तिन्हीसांजेला दारादारांतून कित्येक वर्षे न घेतलेली नावे बाहेर पडली, आणि मुले ओ देत घराकडे धावली. राजाही एकटा गच्चीवर गेला, राणीचे नाव एकदा मोठ्याने घेतले आणि खाली येऊन जेवायला बसला. भात त्याने दुसऱ्यांदा मागून घेतला.

जशी राजाची हाक पोचली, तशी तुमचीआमची पोचो.