खवल्या दरवाज्यातलं ‘जाते’

हा कोंढेरगडाचा खवल्या दरवाजा. बसा, पायरी गार आहे. गड उतरताना आमच्या गावची मिशाळ माणसंसुद्धा या उंबऱ्यावर थांबून ‘जाते’ म्हणतात. ‘येतो’ नाही, ‘जातो’ही नाही. बाईसारखं, ‘जाते’. पाव्हणे हसतात. नव्या सुना तर घाबरतात, कारण निघताना ‘जाते’ म्हणणं अशुभ, सगळा मुलूख ‘येते’ म्हणतो. हसा, हरकत नाही. मलाही यातलं सगळं उमगलंय असं नाही.

इथल्या मातीत माशाच्या खवल्याएवढे पितळेचे पत्रे निघतात, कडेला बारीक भोकं पाडलेले. मागं खोदकामाचे लोक आले होते. ते म्हणाले, बाबा, हे रोमच्या शिपायाच्या चिलखताचे तुकडे. रोम कुठं ते मला ठाऊक नाही, समुद्रापलीकडं म्हणे. आम्ही त्या शिपायाला खवल्या म्हणतो.

असं सांगतात की, तेव्हा खालच्या बंदरात परमुलखातली गलबतं लागायची. इथल्या राजानं त्यातलेच काही शिपाई चाकरीला ठेवले होते. खवल्या त्यातला एक. दरवाज्याची राखण त्याच्याकडं. अंगावर खवल्यांचा अंगरखा, उन्हात असा चकाकायचा की बघवायचा नाही. भाषा मात्र येत नव्हती.

गवळवाड्यातली नागू रोज ताकाचं मडकं घेऊन वर यायची. खवल्या बोट दाखवायचा, ती शब्द सांगायची. ऊन, पाणी, ताक. त्याची सगळी बोली तिच्याकडून आली, म्हणून तो तिच्यासारखंच बोलायचा. एवढा धिप्पाड गडी, आणि म्हणायचा, “मी ताक पिते.”

पहारेकरी लोळायचे हसून. “अगं बाई खवल्या, कुंकू लावायचं राहिलं की गं!”

नागूही खुदकन हसायची, पण त्याला सुधारायची नाही. का नाही, ते कुणी सांगत नाही.

मडकं रिकामं झालं की ती म्हणायची, “येते हं.” आणि दुसऱ्या दिवशी यायची. त्याच्या लेखी तो शब्द खरा होता. ‘येते’ म्हणाली की येते.

मग नागूचं लग्न घाटावर ठरलं. निघायच्या दिवशी ती ताक घेऊन आली. त्याला कसं सांगावं ते तिला सुचेना. मडकं उचललं, आणि रोजच्या सवयीनं तोंडातून तेच निघालं, “येते हं.”

तो वाट बघू लागला.

थंडीत वारं फिरलं. गलबतं परत निघाली. राजानं परमुलखातल्या शिपायांना घरी जायची मोकळीक दिली. खवल्याची आई तिकडं होती म्हणे. संध्याकाळी तो समुद्राकडं तोंड करून बसायचा, ते सगळ्यांनी पाहिलेलं. सोबती बोलवायला आले. तो म्हणाला, “ती येते.”

सोबत्यांनी बंदरावरचा दुभाषी आणला. दुभाषी म्हणाला, “अरे बाबा, ती गेली. इथं जाताना ‘येते’ म्हणतात.”

“मग येताना काय म्हणतात?”

“येताना ‘आले’ म्हणतात.”

“आणि ‘जाते’?”

“तसं कुणी म्हणत नाही.”

खवल्या म्हणाला, “मग ती गेली नाही.” गलबत सुटलं. खवल्या इथंच राहिला.

वर्षं गेली. राजा गेला, दुसरा आला. अंगरख्याच्या वाद्या कुजल्या, एकेक खवला पायरीवर गळत राहिला. तो उचलायचा नाही. नजर वाटेवरून काढली तर तेवढ्यात ती येऊन जायची, असं वाटत असेल त्याला.

नागू आली, पण केस पिकल्यावर. माहेरी आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, तो अजून बसलाय. ती ताक घेऊन वर आली.

इथून पुढं मला कोडं आहे. माझा आजा म्हणायचा, खवल्या जिवंत होता, डोळ्यांनी अधू झालेला. माझी आत्या म्हणायची, कुठला जिवंत, नुसता अंगरखा बसल्यासारखा होता. मला आजाचं ऐकताना आजाचं पटतं, आत्याचं आठवलं की आत्याचं. पण नागू काय बोलली, ते दोघं एकच सांगायचे.

ती म्हणाली, “आले रे.” ताक ओतलं, जवळ बसली. दिवस कलला तशी उठली. उंबऱ्यावर “ये...” एवढं निघालं आणि तिनं ओठ आवळले. सवाष्ण बाई, घरी नवरा, लेकरं. तरी मागं वळून तिनं स्पष्ट सांगितलं, “जाते.”

आत्या म्हणायची, त्या शब्दासरशी अंगरखा खळकन खाली ढासळला. आजा म्हणायचा, नाही, खवल्या उठला, उरलेला अंगरखा उतरवला, म्हणाला, “मी पण जाते,” आणि समुद्राच्या वाटेनं उतरला. गलबत होतं की नव्हतं, देव जाणे.

आजही नांगराच्या फाळाला खवला लागला की आम्ही तो या पायरीवर आणून ठेवतो. आणि आजही इथून उतरताना बाई असो, बाप्या असो, ‘जाते’च म्हणतो. खवल्याला तेवढंच कळतं.

ऊन उतरलं, निघा आता. फक्त सवयीनं ‘येतो बाबा’ म्हणू नका. मी रोज इथंच बसतो. उगीच वाट बघत राहीन.