दिवाणखान्यातलं ऑर्किड

फार पूर्वी एका दिवाणखान्यात, तळाला भोक नसलेल्या सुंदर कुंडीत एक ऑर्किड होतं. मालकीण इंदुमतीबाई मायेनं रोज पाणी घालत आणि त्याची मुळं कुजत.

"एखादं पान पिवळं होऊ दे, म्हणजे बाईंना कळेल," शेजारची कोरफड म्हणाली.

"नको," ऑर्किड म्हणालं. "उद्या पाहुणे येणार आहेत. पिवळं पान दिसलं तर बाई मला इथून हलवतील."

पाहुण्यांनी त्याच्या फुलांचं खूप कौतुक केलं. मग मात्र सगळी फुलं गळाली. बाईंनी कुजकी मुळं कापली आणि ऑर्किड परसातल्या आंब्याला बांधलं. तिथं त्याच्याकडे कुणी बघेना.

पुढच्या वर्षी ते फुललं. बाई त्याला घरात न्यायला आल्या, पण मुळांनी साल घट्ट धरली होती.

"बरं, राहा इथंच," असं म्हणून त्या खुर्ची आणून आंब्याखाली बसल्या.