मऊ उन्हाचे वर्ष

मळभ म्हणजे ढग नव्हे. ढगाला कडा असते. तो कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे बोटाने दाखवता येते. मळभाला कडा नसते. ते आभाळावर आलेले नसते, आभाळातच मुरलेले असते. त्याखाली उभ्या असलेल्या माणसाला ‘ते नेमके कोठे आहे?’ असे विचारले, तर त्याला उत्तर देता येत नाही. ही कथा अशाच एका मळभाखाली घडली, म्हणून हा शब्द आधी नीट समजून घ्यावा.

फार पूर्वी, खाडीच्या मुखाशी वसलेले एक गाव मीठ पिकवून जगत असे. भरतीचे पाणी लाकडी दारांतून वाफ्यांत घ्यायचे, दारे लावायची आणि पुढचे सारे सूर्यावर सोपवायचे, अशी त्यांची रीत. वैशाखाचे जे ऊन इतर गावांना नकोसे होई, त्याच्या वाटेकडे हे गाव डोळे लावून बसे.

त्या गावात एक वृद्ध पारखी होता. वाऱ्याची आणि उन्हाची पारख हे त्याच्या घराण्याचे काम. वारा पडला, ऊन लांबले, काही अडले, की गाव बांधावर जमे आणि पारखी आपली वेताची काठी उचलून अडथळ्याच्या दिशेस रोखी. काठी जिकडे वळे, तिकडे गावाचे पाय वळत. बत्तीस वर्षे तो काठी रोखत आला होता, आणि बत्तीस वर्षांत ती एकदाही रिकामी खाली आली नव्हती.

अशात एका वर्षी उन्हाळा आलाच नाही.

चैत्र सरला, वैशाख लागला, तरी ऊन मऊच राहिले. सूर्य दुधाच्या पातेल्यात पडलेल्या पितळी नाण्यासारखा दिसे; त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येई. माणसांच्या सावल्यांचे काठ विरून गेले. संध्याकाळी पश्चिम दिशा जांभळाच्या रसात बुडवल्यासारखी होई आणि ते जांभळेपण कितीतरी वेळ पाण्यावर रेंगाळे. थंडी संपताच उडून जाणारे रोहित पक्षी त्या वर्षी गेलेच नाहीत. खाडीच्या चिखलात एका पायावर उभे राहून तेही कसली तरी वाट पाहत होते. सगळे फार सुंदर होते. आणि वाफ्यांत पाणी पाणीच राहिले होते.

त्याआधीच्या हिवाळ्यात खाडीपलीकडून एक बाई आपल्या म्हाताऱ्या सासूला घेऊन गावाच्या पश्चिमेस येऊन राहिली होती. ती वाळ्याच्या मुळांचे पडदे विणी. असा पडदा उन्हाळ्यात दारावर टांगून त्यावर पाणी शिंपडले, की घरात येणारा वारा गार आणि सुगंधी होतो. कोरडी मुळे विणताना तुटतात, म्हणून तिच्या अंगणात ओले पडदे रांगेने टांगलेले असत. समुद्रावरचा वारा त्या अंगणातूनच मिठागरात येई.

एके दिवशी बांधावर कुजबुज सुरू झाली.

“वारा गाळून येतोय रे,” एक जण म्हणाला.

“कशातून?”

“तिच्या पडद्यांतून! तिने वारा गार केला आणि आपले ऊन विझवले. नाक आहे ना तुला? वाफ्यांवर वाळ्याचा वास येतो.”

“तुला घरी भात करपल्याचा वास येत नाही, हा बरा आला!”

लोक हसले. पण दोन दिवसांनी कोणी हसेनासे झाले. मीठ पिकवणाऱ्या माणसाला वारा आणि ऊन एकाच वाफ्यातली दोन पाणी वाटतात; ते बोलणे साऱ्यांना पटले.

गावचा मुकादम पारख्याच्या दारी आला.

“बाबा, उद्या सकाळी बांधावर या. काठी आणा. कोठे रोखायची, ते गावाने ठरवले आहे.”

“गावाने ठरवलेच आहे, तर काठी कशाला?”

“त्या पडदेवालीची झोपडी मोडायची म्हणजे कारण लागते. आणि ते तुमच्या तोंडून आले, की मग कोणी वाद घालत नाही.”

“आणि मला दुसरेच काही दिसले तर?”

“चालेल. पण काहीतरी दिसलेच पाहिजे. पारख्यालाच दिसेनासे झाले असेल, तर काठी दुसऱ्याकडे द्यावी लागेल. माझा मेहुणा आहे, नजर तीक्ष्ण आहे त्याची.”

मुकादम गेल्यावर वृद्ध उठला आणि पश्चिमेच्या वाटेला लागला. आपण काय पाहायला निघालो आहोत, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. त्या दुधी प्रकाशात वाट लांबल्यासारखी वाटत होती, जणू तो चालत नव्हता, बांधच त्याच्या पायांखालून सावकाश सरकत होता.

झोपडीत छपरापर्यंत पडद्यांची चळत लागली होती.

“या बाबा,” बाई म्हणाली. “पडदा हवा का?”

“या गारव्यात?”

“तेच तर! यंदा एकसुद्धा गेला नाही. सासूबाई म्हणतात, या मिठागरवाल्यांनीच सगळे ऊन वाफ्यांत जिरवले. म्हणून जगाला उरले नाही.”

सासूने कोपऱ्यातून हुंकार भरला. “जिरवलेच असणार. एवढे मोठे वाफे कशाला लागतात माणसाला?”

पारखी खळखळून हसला. कित्येक दिवसांत तो असा हसला नव्हता. मग त्याने विचारले, “आणि बाय, तुला काय वाटते? कशाने झाले असेल हे?”

“मला कुठे ठाऊक?” ती म्हणाली आणि पुन्हा विणू लागली.

किती सहज म्हणाली! वृद्धाला ते शब्द एखाद्या अनोळखी फळासारखे वाटले. बत्तीस वर्षांत त्याने ते एकदाही चाखले नव्हते.

परतताना त्याला करंज आठवला. अकरा वर्षांपूर्वी एकदा वारा पडला होता. त्याला काहीही कळले नव्हते. तरी भोवतालचे चेहरे पाहून त्याने काठी उचलली, आणि ती बांधावरच्या जुन्या करंजावर जाऊन थांबली. दिवस मावळण्याआधी गावाने ते झाड तोडून आडवे केले. आठवड्याने वारा आपला आपण सुटला आणि पारख्याची कीर्ती दहा गावांत पसरली. त्या कीर्तीखाली तो अकरा वर्षे निमूट बसला होता. करंजाला घर नव्हते, सासू नव्हती. उद्या जिच्यावर काठी थांबणार होती, तिला दोन्ही होती.

सकाळी सारा गाव बांधावर जमला. कित्येकांच्या हातांत कोयते होते. दूर झोपडीच्या दारात ती बाई ओले हात पदराला पुसत उभी होती. एवढी माणसे आपल्याकडे का पाहत आहेत, हे तिला कळू लागले होते.

वृद्धाने काठी उचलली नाही. त्याने ती बांधावर आडवी ठेवली.

“यंदा ऊन का तापत नाही, हे मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“काय म्हणालात?” मुकादमाने विचारले.

“माहीत नाही म्हणालो. करंजाच्या वेळीही माहीत नव्हते.”

बांधावर एकच गलका उठला. “म्हणजे आम्हांला फसवलेत?” कोणी ओरडले. “फसवले,” वृद्ध म्हणाला.

मुकादमाने काठी उचलून मेहुण्याच्या हातात कोंबली. “रोख!”

मेहुण्याने काठी उचलली. त्याने झोपडीकडे पाहिले, काठीकडे पाहिले, त्या दारातल्या बाईकडे पाहिले, आणि हळूच म्हणाला, “दाजी, मला तरी कुठे माहीत आहे?”

कोणीतरी फिस्सकन हसले. “मलाही नाही,” एक म्हातारी म्हणाली. मग आणखी एक जण तसेच म्हणाला. जे वाक्य कोणाच्याही तोंडून निघत नव्हते, ते आता ओंजळीतल्या पाण्यासारखे हातोहात फिरू लागले. कोयते खाली आले.

“मग आता करायचे काय?” मुकादम चिडून म्हणाला. “हात बांधून बसायचे?”

“ऊन का कमी आहे ते ठाऊक नाही,” वृद्ध म्हणाला, “पण कमी आहे, एवढे तर ठाऊक आहे ना? ऊन अर्धे असेल, तर पाणीही अर्धेच घेऊ. उथळ पाणी मऊ उन्हानेही आटेल.”

तसे केले. त्या वर्षी मीठ निम्मेच पिकले, पण पिकले. वृद्धाला पुन्हा काठी मिळाली नाही. वाफ्यांत मीठ ओढणाऱ्यांच्या रांगेत तो शेवटचा उभा राही आणि इतरांएवढेच ओढी.

पावसाळा संपल्यावर एक गलबत मीठ न्यायला आले. त्याच्या तांडेलाने सांगितले, “दूर दक्षिणेकडे एका बेटावरचा डोंगर फुटला. सात दिवस आम्ही राखेतून गलबत हाकले. ती राख अजून आभाळात तरंगते आहे म्हणतात. तिनेच ऊन अडवले असेल.”

सगळे वृद्धाकडे वळले.

“असेल,” तो म्हणाला. “मी तो डोंगर पाहिलेला नाही.”

तात्पर्य: ज्याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असेच म्हणावे, कारणाची रिकामी जागा भरण्यासाठी माणूस वापरू नये.

ही कथा हल्ली सांगतात, तेव्हा पारख्याला तो फुटलेला डोंगर आधीच ज्ञात होता आणि आपल्या ज्ञानाच्या बळावर त्याने त्या बाईला वाचवले, असे सांगतात. ते चूक आहे. त्या सकाळी बांधावर त्याला इतरांहून तसूभरही अधिक ठाऊक नव्हते. सारे ज्ञात असते, तर त्याला धैर्य लागलेच नसते.